मातीच्या पाटीवरचं ग्रहण

दोस्तांनो, टॉर्च घ्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडा आणि माझ्यामागून या. आपण यरुशलेम शहराच्या पोटात शिरतोय. पायाखाली गार, वाहतं पाणी. दोन्ही बाजूंना खडक इतका जवळ, की एका वेळी एकालाच पुढे जाता येतं. भिंतीवरून हात फिरवलात तर छिन्नीचे घाव बोटांना लागतील. हा बोगदा 533 मीटर लांब आहे. गीहोन नावाच्या झऱ्याचं पाणी तो सिलोआमच्या तळ्यात नेऊन सोडतो. आजही!

1880 साली जेकब एलियाहू नावाचा एक शाळकरी मुलगा असाच या पाण्यात उतरला होता. बाहेर पडायला थोडंच अंतर राहिलं असताना त्याला भिंतीवर काहीतरी कोरलेलं दिसलं. ती अक्षरं होती! प्राचीन हिब्रू लिपीतल्या सहा ओळी.

विद्वानांनी त्या वाचल्या, तेव्हा थेट खोदणाऱ्या कामगारांचीच गोष्ट समोर आली. दोन तुकड्या डोंगराच्या दोन टोकांकडून खोदत निघाल्या होत्या. मध्ये फक्त तीन हात खडक उरला, तेव्हा पलीकडच्या माणसांच्या हाका ऐकू यायला लागल्या. मग कुदळीला कुदळ भिडली, खडक फुटला आणि 1200 हात पाणी धावलं.

हे ‘हात’ म्हणजे आपलेच हात बरं का! कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. आपल्याकडेही जुनी माणसं विहिरीची खोली हातातच सांगतात. आता भागाकार करा. 533 मीटरला 1200 ने भागलं की येतात साधारण 44 सेंटीमीटर. बाबांचा किंवा आईचा हात पट्टीने मोजून बघा, तेवढाच भरेल. म्हणजे कोरणाऱ्याने थाप मारलेली नाही!

पण एक गंमत आहे. त्या सहा ओळींत ना राजाचं नाव, ना साल. मग हा बोगदा कधीचा?

बायबल काय सांगतं?

बायबलमध्ये यहूदाच्या हिज्कीया राजाची हकीकत आहे. यरुशलेम ही त्याची राजधानी. तळं बांधून, पाट खोदून त्याने शहरात पाणी आणलं, असं तिथे लिहिलंय. अश्शूरचा बलाढ्य राजा सन्हेरीब चालून येत होता. शहराला वेढा पडला तर पाणी भिंतीच्या आत हवं आणि शत्रूला ते मिळू नये, एवढा साधा हिशोब त्यामागे होता.

ही स्वारी कधी झाली? बायबलचं उत्तर आहे : हिज्कीया राजाच्या चौदाव्या वर्षी. इतिहासाच्या पुस्तकात मात्र छापलेलं असतं : इ.स.पू. 701. मला लहानपणापासून प्रश्न पडायचा, हा 701 आकडा आणला कुठून? त्या काळच्या कुणाला ‘इसवी सनापूर्वी’ आपण जगतोय हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. इसवी सनाची मोजणीच मुळी इ.स. 525 मध्ये डायोनिसियस नावाच्या एका भिक्षूने बसवली.

तेव्हाची माणसं वर्षं मोजायची ती राजाच्या कारकिर्दीवरून. अमक्या राजाचं तिसरं वर्ष, तमक्याचं सातवं. आपल्याला हे नवीन नाही. शिवाजी महाराजांनी 1674 मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला, तेव्हा त्याचं पहिलं वर्ष तिथूनच मोजलं गेलं.

पण राजाची वर्षं मोजणं वाटतं तितकं सोपं नसतं. समजा, वर्ष संपायला दोन महिने असताना नवा राजा गादीवर बसला. मग ते दोन महिने त्याचं पहिलं वर्ष धरायचं, की पुढचं पूर्ण वर्ष पहिलं? प्राचीन काळी काही ठिकाणी असं मोजत, काही ठिकाणी तसं. शिवाय नवं वर्ष कुणाचं वसंतात सुरू व्हायचं, कुणाचं शरदात. आपल्याकडे नाही का, शकाचं नवं वर्ष गुढीपाडव्याला लागतं आणि व्यापाऱ्यांचं विक्रम संवत दिवाळीच्या पाडव्याला! म्हणून नुसत्या ‘चौदाव्या वर्षी’वरून साल सापडत नाही. त्यासाठी कुठेतरी एक पक्की खुंटी लागते. ती खुंटी अश्शूरच्या मातीत सापडली.

आजीचं कॅलेंडर आणि अश्शूरचं कॅलेंडर

आधी आजीकडे जाऊ. पुण्यातली एखादी आजी म्हणते, “पानशेत फुटलं, त्यानंतर दोन वर्षांनी तुझा काका जन्मला.” आजीने साल सांगितलंच नाही. पण पानशेतचं धरण 12 जुलै 1961 ला फुटलं, हे नक्की ठाऊक आहे. मग काकांचा जन्म 1963 चा. आजीने वर्षाला आकडा नाही दिला, नाव दिलं!

अश्शूरचे लोकही तेच करायचे. दरवर्षी एका बड्या अधिकाऱ्याची निवड व्हायची आणि ते अख्खं वर्ष त्याच्या नावाने ओळखलं जायचं. कधी खुद्द राजाचीही पाळी यायची. अशा वर्षनायकाला ते ‘लिम्मू’ म्हणत. सरकारी लेखनिक ही नावं ओल्या मातीच्या पाट्यांवर ओळीने लिहून ठेवायचे. लेखणी म्हणजे बोरूसारखी काडी, अक्षरं म्हणजे मातीत दाबलेल्या पाचरी. निनवे शहराच्या ढिगाऱ्यात अशा पाट्या मिळाल्या आणि त्यांच्या वेगवेगळ्या प्रती ताडून सुमारे अडीचशे वर्षांची सलग नावं जुळली.

अडीचशे वर्षांची माळ हाती आली, पण ती हवेत लोंबकळत होती. कुठलं नाव म्हणजे कुठलं साल, हे कळणार कसं?

काही पाट्यांवर नावापुढे त्या वर्षीची मोठी घटना टिपलेली असते. बूर-सगाले नावाच्या अधिकाऱ्याच्या वर्षापुढे लेखनिकाने लिहिलं होतं, की अश्शूर शहरात बंड झालं आणि सिमानू महिन्यात सूर्याला ग्रहण लागलं.

ग्रहण! इथेच खुंटी सापडली.

सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांच्या फिरण्याचं गणित पक्कं असतं. ते पुढे नेलं तर येणारी ग्रहणं कळतात आणि मागे नेलं तर होऊन गेलेली. मागे जात जात खगोलशास्त्रज्ञांनी पाहिलं, की त्या काळात, सिमानू महिन्याच्या सुमारास, अश्शूरच्या मुलखात दिवसा काळोख करणारं मोठं ग्रहण कधी पडलं? उत्तर आलं : 15 जून, इ.स.पू. 763.

झालं! एका नावाला साल मिळालं आणि सगळ्या माळेला सालं मिळाली. बूर-सगालेच्या वरचं नाव 764, खालचं 762, त्याखालचं 761... इसवी सनापूर्वीची वर्षं उलटी मोजतात, हे लक्षात आहे ना? जसजसे आपल्या काळाकडे येऊ, तसतसा आकडा लहान होत जातो.

दुसऱ्या बाजूने पडताळाही झाला. इ.स.च्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमी या खगोलशास्त्रज्ञाने अश्शूरच्या शेजारच्या बाबेल राज्याच्या राजांची यादी वापरली होती. ती इ.स.पू. 747 पासून सुरू होते. अश्शूरच्या काही राजांनी बाबेलवरही राज्य केलं, म्हणून काही नावं दोन्ही याद्यांत येतात. दोन्हींमधली सालं शेजारी ठेवली, तर ती जुळतात.

आता बोटं मोडून 701 गाठू

सन्हेरीब प्रत्येक मोठ्या स्वारीनंतर आपली कामगिरी मातीच्या नळकांड्यांवर नव्याने लिहून घ्यायचा आणि कधी कधी खाली लिम्मूचं नाव टाकायचा. ग्रहणापासून 61 नावं खाली उतरलं की येतं 702 साल. त्या वर्षीच्या नळकांड्यावर राजाच्या दोनच स्वाऱ्या आहेत. आणखी दोन पावलं खाली उतरा : 700 साल, लिम्मू मितूनू. या वर्षीच्या नळकांड्यावर तिसरी स्वारीही आहे आणि ती आहे हिज्कीयावरची!

702 मध्ये नव्हती, 700 मध्ये लिहून झाली. मग ती झाली कधी? बरोबर, 701. आहे की नाही एखाद्या हुशार गुप्तहेराचं काम?

हीच हकीकत सन्हेरीबने पुढे एका सहा बाजूंच्या, जेमतेम 38 सेंटीमीटर उंचीच्या मातीच्या स्तंभावरही लिहवून घेतली. ‘टेलर प्रिझम’ म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आपण यहूदाची 46 तटबंदीची गावं जिंकली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं त्याच्याच राजधानीत कोंडलं, अशी फुशारकी राजा मारतो. हिज्कीयाने खंडणी दिली, असं बायबलही सांगतं आणि सन्हेरीबही. किक्कार हे तेव्हाचं वजनमाप, साधारण तीसेक किलोंचं. सोनं किती? दोघंही म्हणतात 30 किक्कार. चांदी किती? बायबल म्हणतं 300, सन्हेरीब म्हणतो 800!

मला हा चांदीतला फरक फार मोलाचा वाटतो. दोन मुलांच्या उत्तरपत्रिका शब्द न् शब्द सारख्या निघाल्या तर बाई काय म्हणतील? कॉपी केली! इथे दोघांनी एकमेकांचं पाहून लिहिलेलं नाही. एक हरता हरता वाचलेला, एक जिंकणारा. तरी स्वारी तीच, राजे तेच, सोनं तेवढंच. आणि यरुशलेम शहर आपण घेतलं, असं सन्हेरीब कुठेच म्हणत नाही. शहर वाचलं, असंच बायबलही सांगतं.

राखेतली मडकी

सन्हेरीबने आपल्या निनवेच्या महालात लाखीश या शहराच्या वेढ्याची चित्रं दगडात कोरून घेतली होती. ऑस्टिन लेयार्ड या संशोधकाने एकोणिसाव्या शतकात ती शोधून काढली. शिड्या, बाण, तटावरून फेकलेल्या पेटत्या मशाली, गाड्यांवर बिऱ्हाड लादून निघालेली माणसं, सगळं त्या चित्रांत आहे.

आणि लाखीश? ते टेकाड आजही इस्रायलमध्ये आहे. 1973 पासून डेव्हिड उसिशकिन यांच्या पथकाने तिथे वर्षानुवर्षं खोदकाम केलं. तटावर चढण्यासाठी सैन्याने रचलेला दगडांचा प्रचंड उतार तिथे सापडला, बाणांची लोखंडी टोकं सापडली, गोफणीचे गुंडे सापडले. चित्रात दिसतं, ते मातीत निघालं. त्याबरोबर जळालेल्या घरांचा राखेचा थरही निघाला. त्या राखेत मडकी होती. काहींच्या कानांवर शिक्का होता, त्याचा अर्थ ‘राजाचं’.

आता पुढची उडी बघा. मडक्यांची घडण काळाप्रमाणे बदलते, जशा आपल्याकडे पाण्याच्या बाटल्या बदलल्या. लाखीशच्या राखेतली मडकी 701 मध्ये गाडली गेली, हे एकदा ठरलं. मग तशीच मडकी दुसऱ्या गावात, दुसऱ्या थरात मिळाली, की त्या थराचाही काळ कळतो. आकाशातलं एक ग्रहण मातीतल्या मडक्यापर्यंत येऊन पोचलं!

बोगद्याची परीक्षा

बोगद्यालाच विचारलं तर? आमोस फ्रुमकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच केलं. पाणी झिरपू नये म्हणून बोगद्याला गिलावा केलेला आहे. त्या गिलाव्यात वनस्पतींचे बारीक तुकडे अडकलेले होते. झाड जिवंत असेपर्यंत हवेतून कार्बन घेत राहतं. त्यात कार्बन-14 नावाचा एक प्रकार अगदी थोडा असतो. झाड मेलं, की नवा कार्बन येणं थांबतं आणि असलेला कार्बन-14 हळूहळू संपत जातो. 5730 वर्षांत तो निम्मा उरतो. किती उरलाय ते मोजलं, की झाड मरून किती काळ झाला ते कळतं.

छताला लोंबणारे चुनखडीचे सुळकेही त्यांनी तपासले. त्यांच्यात किंचित युरेनियम असतं आणि त्याचं हळूहळू थोरियम होत जातं. त्या प्रमाणावरून सुळक्याचं वय निघतं.

आता डोकं चालवा. गिलाव्यातलं पान गिलाव्याच्या आधी उगवलेलं असणार. सुळका बोगदा खोदून झाल्यावरच वाढणार. म्हणजे बोगद्याचा जन्म या दोहोंच्या मध्ये! 2003 मध्ये या संशोधकांनी उत्तर जाहीर केलं : बोगदा इ.स.पू. 700 च्या आसपासचा. हिज्कीयाचाच काळ.

न जुळणारा तुकडा

सगळं असं नेमकं जुळतंच असं नाही, आणि तेही तुम्हाला सांगायलाच हवं. बायबल म्हणतं, शेजारच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन पडली ती हिज्कीयाच्या सहाव्या वर्षी. अश्शूरच्या नोंदींवरून ती इ.स.पू. 722 च्या सुमारास पडली. मग सहाव्यानंतर आठ वर्षांनी येणारं चौदावं वर्ष कोणतं? 714! पण सन्हेरीब तर 705 मध्ये गादीवर आला.

काही अभ्यासक म्हणतात, हिज्कीया आधी वडिलांबरोबर राज्य करत असेल आणि वर्षं दोन ठिकाणांहून मोजली गेली असतील. काहींना वाटतं, हाताने नक्कल करताना कुणाकडून 24 चे 14 झाले असतील. वाद अजून मिटलेला नाही. तुमच्यापैकी कुणीतरी मोठेपणी हे कोडं सोडवायला घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

एका पुस्तकाची तीन वयं

हिज्कीयाच्या काळात यरुशलेममध्ये यशया नावाचे संदेष्टे होते. त्यांच्या नावाचा ग्रंथ बायबलमध्ये आहे. तो किती जुना, असं विचारलं तर मी उलट विचारीन, कुठलं वय सांगू?

पहिलं वय हाती असलेल्या प्रतीचं. 1947 मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरान इथल्या एका गुहेत गुराखी पोरांना मातीचे रांजण सापडले. त्यांत चामड्याच्या गुंडाळ्या होत्या. एकीवर यशयाचा अख्खा ग्रंथ होता : चामड्याचे 17 तुकडे शिवून केलेली, 7 मीटरहून लांब गुंडाळी. अक्षरांच्या वळणावरून आणि पुढे कार्बन-14 वरूनही तिचा काळ ठरला, साधारण इ.स.पू. दुसरं शतक. त्याआधी हिब्रू बायबलची जी पूर्ण प्रत माहीत होती ती इ.स. 1008 च्या सुमाराची. एका रांजणाने हजार वर्षांहून मोठी उडी मारली!

अक्षरांवरून काळ कसा कळतो? घरातलं किंवा वाचनालयातलं एखादं जुनं मराठी पुस्तक उघडा. काही पुस्तकांत ‘एक’ हा शब्द ‘अेक’ असा छापलेला दिसेल. ते वळण काही काळच चाललं, म्हणून नुसतं पाहून जाणकार पुस्तकाचा काळ ताडतात.

दुसरं वय घटनेचं. सन्हेरीबच्या स्वारीची गोष्ट या ग्रंथातही आहे : 701.

तिसरं वय लिहिण्याचं, आणि हे सगळ्यांत नाजूक. ग्रंथाच्या उत्तरार्धात इराणच्या कोरेश राजाचं चक्क नाव येतं. आपण त्याला सायरस म्हणतो. त्याने बाबेल जिंकलं इ.स.पू. 539 मध्ये, म्हणजे यशयांच्या काळानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी. म्हणून बहुतेक अभ्यासक मानतात, की हा भाग यशयांच्या परंपरेतल्या कुणीतरी नंतर लिहिला. अनेक श्रद्धाळू वाचक मात्र तो यशयांनी आधीच सांगितलेला संदेश मानतात. कोरेशच्या विजयाची हकीकत मातीच्या एका नळकांड्यावरही आहे आणि ते आपल्याकडे येऊन गेलंय! 2013 च्या डिसेंबरात ते मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात मांडलं होतं. घरच्या मोठ्यांना विचारा, कुणी पाहिलं होतं का.

आता तुमची पाळी

पुन्हा त्या लेखनिकाकडे जाऊ. ओल्या मातीची पाटी हातात घेऊन तो बसलाय. बाहेर दिवसा अंधारलं होतं. त्याने ते टिपलं : महिना, वर्षाचं नाव, शहरातलं बंड. एकच ओळ. ती ओळ त्याने लिहिली नसती, तर 701 पर्यंत आणि लाखीशच्या मडक्यांपर्यंत आपल्याला या वाटेने पोचता आलं नसतं. त्याने काही मोठा ग्रंथ लिहिला नाही. जे झालं ते, जेव्हा झालं तेव्हा, खरं खरं लिहिलं. मला तो फार मोठा माणूस वाटतो.

2 ऑगस्ट 2027 ला सूर्यग्रहण आहे. पावसाळी ढग वाटेत आले नाहीत, तर आपल्याकडून संध्याकाळच्या सुमाराला ते खंडग्रास दिसेल. ग्रहणाचा खास चष्मा लावूनच बघा, उघड्या डोळ्यांनी कधीच नाही. मग वही काढा आणि लिहा : आज सूर्याला ग्रहण लागलं. मी अमक्या गावात होतो किंवा होते. माझी इयत्ता अमकी. वर्गशिक्षिका अमक्या होत्या. गावात त्या दिवशी हे हे घडलं.

तारीख मात्र टाकू नका! वही जपून ठेवा. कधीतरी ती कुणाच्या हाती लागेल. तो माणूस ग्रहणाचं गणित मागे मागे नेईल, बोटावर वर्षं मोजेल आणि तुमच्या दिवसापर्यंत येऊन पोचेल.